पेकनच्या राईतला ठराव

रेव्हरंड एझ्रा बेलामी अजून बोलत होता, गाऊ लागला नव्हता. पहिल्या बाकावर पांढऱ्या टोपीखाली डोळे मिटून बसलेल्या ओडेसाला मात्र कळत होतं, की आता फार वेळ नाही. धाकट्या भावाचा गळा त्याच्या पाळण्यापासून तिच्या ओळखीचा. आधी तो एकेक शब्द मातीत बी टोचावं तसा अंतरावर ठेवायचा. मग कुठल्यातरी वाक्याच्या शेवटी खोल श्वास ओढायचा आणि त्या श्वासालाच सूर लागायचा. तिथून पुढे प्रवचन त्याचं उरत नसे, आणि ऐकणारे बाकावर उरत नसत.

"प्रभू फिरतो," एझ्रा म्हणाला.

"फिरतो!" मागून कुणीतरी साद दिली.

"या आपल्या गावातून फिरतो. पायात वहाण नाही, हातात कंदील नाही."

"सावकाश, रेव्हरंड! घाई नाही आम्हाला!"

"आणि त्या बंद दवाखान्याच्या दाराशी येतो. दाराला साखळी. प्रभू साखळीला हात लावतो... हंऽऽ... आणि विचारतो, अरे, इथं एक खाट होती ना? हंऽऽ... इथं एक पाळणा होता ना? माझी लेकरं इथं पहिल्यांदा रडली होती ना?"

लागला सूर. ऑर्गनने तो अलगद झेलला, बायकांच्या हातातले कागदी पंखे एका ठेक्यात हलू लागले, आणि ऑगस्टच्या उकाड्यात सगळं देऊळ नावेसारखं डुलू लागलं. ओडेसा त्या नावेतून केव्हाच निघाली होती. तिला दवाखान्याच्या खिडक्या दिसत होत्या, एकूण एक उजळलेल्या. आतल्या बाजूला पांढऱ्या चादरी वाळत घातल्यासारख्या हलत होत्या. एका खिडकीत ती स्वतः होती, तरुण, कुशीत लेक लोरेन. पलीकडच्या खिडकीत लोरेन मोठी झालेली, तिच्या कुशीत थेरॉन. आणि दोन्ही खिडक्यांच्या खाली गवतात कुणीतरी अनवाणी उभं होतं आणि हळूच विचारत होतं, "आत येऊ का?"

"ये बाबा," ओडेसा पुटपुटली.

"आमेन!" शेजारची म्हातारी म्हणाली. ओडेसाने डोळे उघडले. लोरेन जाऊन खूप वर्षं झाली होती. थेरॉन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला होता. पलटणीतून परतल्यापासून तो कुठेही गेला की दाराजवळच बसायचा.

प्रवचन निवलं. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सेवेकऱ्यांनी व्यासपीठापुढे दोन रिकाम्या खुर्च्या मांडल्या. ज्याला मंडळीत यायचं असेल, किंवा मनावरचं ओझं उतरवायचं असेल, त्याने उठून त्या खुर्चीत बसायचं. मग रेव्हरंड विचारणार, कशासाठी आलास? आणि तिथे बसून कुणी खोटं बोलायचं नाही. या न्यू गिलियड मंडळीत त्या खुर्चीत बसून आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं. निदान बोललं तर ते पुढे नीट जगलं नाही, असं सगळे मानत.

आज कुणी उठलं नाही. एझ्राने आमंत्रणाच्या स्तोत्राची तीन कडवी होईपर्यंत वाट पाहिली, हात उंचावून आशीर्वाद दिला, आणि शिकागो-डेट्रॉइटहून वर्षातून एकदा भरणाऱ्या माहेरच्या रविवारासाठी आलेली सगळी बेलामी मंडळी जेवणाच्या वासामागे राईत निघाली.

राई म्हणजे बेलामींची पेकनची, अक्रोडासारख्या फळांच्या झाडांची, बाग. देवळाच्या मागून सुरू होऊन पार दवाखान्याच्या भिंतीला भिडलेली. ओडेसाच्या आजोबांनी ती झाडं लावली तेव्हा वाटण्या केल्या नाहीत, त्यामुळे आज ती बाग सगळ्यांची होती आणि एकट्या कुणाचीच नव्हती. विकायची तर साऱ्या वारसांच्या सह्या हव्यात. सगळ्यांच्या झाल्या होत्या. राहिली होती ओडेसा.

सगळ्यांना माहीत होतं की आज ती सही करणार. म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

झाडांखाली लांबलचक टेबलं लागली होती. तळलेली कोंबडी, कॉलर्डची पालेभाजी, मक्याचा ब्रेड, बर्फ घातलेला गोड चहा, आणि एका टोकाला इल्दाने मक्याच्या सालात बांधून उकडलेले तमाले. इल्दा ग्वाटेमालाची. कोंबड्यांच्या कारखान्यात ओडेसाच्या एका दूरच्या भाचीशी तिची ओळख झाली आणि त्या भाचीच्या घरामागच्या खोलीत तिने बिऱ्हाड थाटलं. वसंतात कारखान्याच्या वाटेवर तिच्या नवऱ्याला, बार्तोलोला, हद्दपारीवाल्या सरकारी माणसांनी उचललं. तेव्हापासून तो दोन राज्यं पलीकडच्या छावणीत होता आणि इल्दा सातव्या महिन्यात.

"तू उभी कशाला?" ओडेसाने तिला खुर्चीवर बसवलं. "खा आधी."

"बाळ खातं, मोठी आई," इल्दा हसली. "मी फक्त चावते."

ओडेसाला सगळं गाव मोठी आईच म्हणे. भाच्यांनी तेवढं आत्या धरून ठेवलं होतं. तिच्या दिवंगत थोरल्या भावाची ती दोन मुलं, डेल्फीन आणि लेमुएल, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसली होती. यावरूनच हवा कशी आहे ते कळत होतं.

डेल्फीन याच दवाखान्यात बाळंतिणींच्या विभागात परिचारिका होती. तो बंद झाल्यावर आता रोज अल्बनी शहरातल्या दवाखान्यात गाडी हाणत जायची. लेमुएल जिल्हा मंडळावर निवडून आलेला. बेलामींमधला पहिलाच. त्याच्या पहिल्या निवडणुकीला ओडेसाने दारोदार फिरून त्याच्यासाठी मतं मागितली होती.

"आत्या, कोंबडी कशी झालीय?" लेमुएलने लांबून विचारलं.

"तुझ्या बायकोने केलीय ना? मग चांगलीच."

"मीच केलीय!"

"मग मीठ कमी आहे."

सगळे हसले. डेल्फीन हसली नाही. तिने काटा खाली ठेवला. "लेम, तू कोंबडीचं विचारू नकोस. जे विचारायचंय ते विचार. आम्ही सगळे घास तोंडात धरून बसलोय."

"डेल, जेवणाच्या पानावर नको."

"मग कधी? सही झाल्यावर?"

लेमुएलने रुमालाने तोंड पुसलं. तो दुष्ट नव्हता. ओडेसाला हे पक्कं माहीत होतं. लहानपणी तो पडलेलं पाखराचं पिल्लू खिशात घालून शाळेत न्यायचा. "ऐका तर मग," तो म्हणाला. "दवाखान्याची इमारत मंडळाची. तिच्याकडे येणारा रस्ता आपल्या राईतून. छावण्या चालवणाऱ्या कंपनीला दोन्ही हवंय. आत खाटा, इथं अंगण आणि कुंपण. वॉशिंग्टनकडून पैसा मंजूर आहे. हद्दपार करायच्या लोकांना ठेवायला जागा हवीय त्यांना, आणि आपल्याला कामं हवीत. कारखान्याने एक पाळी बंद केली. पोरं गाव सोडून चाललीत. शाळेचं छप्पर गळतंय."

"आणि दवाखाना उघडायला त्याच वॉशिंग्टनकडे पैसा नाही."

"नाही! मी पाच दारं ठोठावली, डेल. तुला काय वाटतं, मी मागितलं नसेल? पैसा वरून येतो तो नाव लावूनच येतो. हा कुलपांचा, हा तोफांचा. पाळण्याच्या नावाचा येतच नाही. आता आलेला परत पाठवू? नाव मी लावलेलं नाही."

"नाव बदला म्हणून सांगायला तुला तिथं बसवलंय!"

"कुणाला सांगू? मी एवढ्याशा जिल्ह्याच्या मंडळावर आहे. माझ्या खुर्चीचा एक पाय पण लंगडा आहे!"

"मग जोरात बस, आवाज होईल."

डेट्रॉइटचे चुलते लेमुएलच्या बाजूने माना हलवत होते. त्यांनी ही राई वर्षातून एकदाच पाहायची, आणि तिच्यावरचा कर मात्र दरवर्षी भरायचा. शिकागोच्या चुलत्या मघापर्यंत त्यांच्याच बाजूने होत्या, आता डेल्फीनकडे झुकू लागल्या. त्यातली एक म्हणाली, "खरंच आहे. आमच्या गल्लीत तर दारं फोडून नेतात माणसं." दुसरी म्हणाली, "पण नोकऱ्या?" आणि पहिलीने पुन्हा वाडग्यातल्या गोड पीचमध्ये तोंड घातलं.

"इल्दाला विचारा ना," डेल्फीन म्हणाली. "तिच्यासमोर बोलताय सगळे. तिला विचारा हे इथं बांधायचं का."

सगळ्यांनी इल्दाकडे पाहिलं. तिने पानातला तमाले अर्धा सोडला होता. सालाचा दोरा बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "बांधा."

"काय?"

"इथं बांधा. बार्तोलो इथं येईल कदाचित. मी चालत येईन, डबा घेऊन. आता तो इतका लांब आहे, की फोनमध्ये त्याचा आवाजपण थकून येतो."

सगळ्यांच्या आधी डेल्फीनने मान खाली घातली. लेमुएललाही या मदतीचा आनंद झालेला दिसला नाही.

ओडेसा हे सगळं ऐकत होती आणि नव्हतीही. पेकनच्या पानांतून ऊन गाळून पडत होतं, टेबलावर, ताटांवर, तिच्या स्वतःच्या हातांवर. हात तिला दुसऱ्याच कुणाचे वाटले. अजून ती नावेतच होती की काय. तिला थेरॉन दिसत होता. तो जेवणाच्या रांगेत नव्हता. राईच्या कडेला, जिथून रस्ता दिसतो, तिथे झाडाला टेकून उभा.

तिचं सगळं गणित त्या पाठीत होतं. पलटणवाले त्याला पुन्हा बोलावत होते. सोमवारी भरतीच्या कचेरीत यायला सांगितलं होतं. तिथे त्याने सही केली की पुन्हा समुद्रापार. आणि लेमुएलने शब्द दिला होता, की छावणी झाली तर दारावरची पहिली नोकरी थेरॉनची. गणवेश असेल, पगार असेल, आणि संध्याकाळी तो तिच्या स्वयंपाकघरात बसून जेवेल. युद्ध त्याला एकदा घेऊन गेलं होतं, आणि परत आला तो अर्धाच. उरलेला अर्धा तरी तिला हवा होता. त्या बदल्यात ही झाडं. झाडं काय, पुन्हा लावता येतात.

"लेमुएल," ती म्हणाली, "आण तुझे कागद. उगाच पोरांची जेवणं कडू व्हायला नकोत."

डेल्फीन उठून उभी राहिली. "आत्या!"

"बस गं, बाई. सही कधीतरी कुणीतरी करायलाच हवी."

लेमुएलने गाडीतून कागद आणले. पण लिहायला मोकळं टेबल नव्हतं, आणि घडीच्या खुर्च्या सगळ्या अडकलेल्या. तो घाईत देवळात गेला आणि हाती लागल्या त्या दोन खुर्च्या काखोटीला मारून आला. झाडाखाली समोरासमोर मांडल्या, एकीवर कागद ठेवले.

आणि राईतली बोलणी एकदम थांबली.

कारण त्या खुर्च्या सगळ्यांनाच ओळखू येत होत्या. उंच पाठीच्या, लाल गादीच्या. मघाशी व्यासपीठापुढे रिकाम्या राहिलेल्या. पांढऱ्या हातमोज्यांतले दोन सेवेकरी, तोंडात घास असतानाच, सवयीने उठून उभे राहिले. कुठल्यातरी म्हातारीने ओठ मिटून गुणगुणायला सुरुवात केली, आमंत्रणाचं तेच जुनं, संथ स्तोत्र. एकीने सुरू केलं की दुसरीला गप्प बसता येत नाही; आवाज आवाजाला लागत गेला, आणि बघता बघता त्या गुंजनाने झाडांची पानंसुद्धा धरली.

"अहो, हे नाही!" लेमुएल म्हणाला. "मी फक्त बसायला आणल्यात!"

कुणी ऐकलं नाही. ओडेसा चालत आली आणि बसली. बसल्याबरोबर तिला कळलं की आपण कुठे बसलोय. ती तरुण होती तेव्हा मंडळीत यायला याच खुर्चीत बसली होती, पावसात भिजलेल्या पायांनी.

एझ्राच्या हातात कोंबडीची तंगडी होती. त्याने ती बायकोकडे दिली, हात पुसले आणि पुढे आला. चाळीस वर्षं जे शब्द त्याने या खुर्चीपुढे उच्चारले होते, ते त्याच्या तोंडून आपोआप निघाले. "बहीण, कशासाठी आलीस?"

मग त्याला भान आलं. "ताई," तो हळूच म्हणाला, "उठतेस का? हा लेमुएलचा वेडेपणा आहे."

"नाही," ओडेसा म्हणाली. "विचारलंस ना. सांगते."

गुंजन खाली उतरलं, पण थांबलं नाही.

"मी सही करायला आलेय," ती म्हणाली. "गावासाठी नाही. शाळेच्या छपरासाठी नाही. लेमुएलसाठी पण नाही, त्याला वाटत असलं तरी. माझा थेरॉन घरी राहावा म्हणून. त्या भिंतींच्या आत कुणाला कोंडणार, त्याचं मला काही नाही. इल्दाचा नवरा असला, तरी नाही. काल रात्री मी तेच मागणं मागितलं. माझा राहू दे, दुसऱ्या कुणाचंही काहीही होवो. असं मागितलं मी देवाकडे." ती थांबली. "आता माझ्यासाठी प्रार्थना करा, आणि पेन द्या."

कुणीही पेन दिलं नाही. पेन लेमुएलच्याच हातात होतं आणि तो पेनकडे बघत होता.

थेरॉन झाडापासून सुटला. तो सावकाश आला, गर्दीने त्याला वाट दिली, आणि कागद उचलून मांडीवर घेत तो दुसऱ्या खुर्चीत बसला. देवळात तो दाराजवळच्या रांगेबाहेर कधी आला नव्हता.

एझ्राने घसा साफ केला. "भाऊ, कशासाठी आलास?"

"मला एक विचारायचंय मोठ्या आईला," थेरॉन म्हणाला. त्याचा आवाज वापरात नसलेल्या खोलीसारखा होता. "मोठी आई, मला दारावर उभं करणार ना तू?"

"हो रे."

"तिकडेही दारावरच होतो मी. तुला सांगितलं नाही. बायका यायच्या, तापलेली पोरं घेऊन. डॉक्टर मागायच्या. तळावर डॉक्टर होता. पण त्यांच्यासाठी नव्हता. मी सांगायचो, परत जा. मला त्यांच्या भाषेत तेवढंच येत होतं, परत जा." त्याने इल्दाकडे पाहिलं. "आता इल्दाताई डबा घेऊन येईल. नियम असेल, बाहेरचं अन्न आत नाही. तिला नाही म्हणणारा मीच असेन. तू मला घरी ठेवतेयस, मोठी आई. पण त्याच दारावर ठेवतेयस."

गुंजन पूर्ण थांबलं. कुठेतरी एक पेकन गवतात पडलं, अजून हिरवंच.

ओडेसाला वाटलं नाव किनाऱ्याला लागली आणि पायाखाली एकदम टणक जमीन आली. तिने थेरॉनच्या मांडीवरून कागद घेतले, घडी केली आणि लेमुएलला परत दिले. पण ती उठली नाही.

"एझ्रा," ती म्हणाली, "ही मंडळीची सभा आहे की नाही?"

"ताई, हे जेवण आहे."

"खुर्च्या आहेत, मंडळी आहे, तू आहेस, प्रार्थना झालीय. आणखी काय लागतं?"

एझ्राने आजूबाजूला पाहिलं. सेवेकरी उभेच होते. "कमी काही दिसत नाही," त्याने कबूल केलं.

"मग मला ठराव मांडायचाय. वादळाच्या वर्षी घंटेसाठी जमवलेले पैसे आपण वळवले होते. आठवतंय? कुणीतरी उठून म्हणालं, घंटा थांबेल, पोट थांबणार नाही. झाला ठराव, आणि त्या पैशांतून सगळ्या गावाने सूप प्यायलं."

"मीच म्हणाले होते," डेल्फीन म्हणाली.

"तूच गं. आता मी म्हणते. हे पैसे वळवावेत. जे कुलपांसाठी ठेवलेत आणि जे माझ्या नातवाला दूरदेशी दारावर उभं करायला ठेवलेत, ते वळवून तो दवाखाना उघडावा. बाळंतिणींच्या खोल्या आधी. मग म्हाताऱ्यांचं बघा. आणि रस्ता राईतून लागतो तर राईतून घ्या. त्या कामाला मी आत्ता सही करते, पैसेही नकोत."

लेमुएल हसू लागला. मन दुखवायचं नव्हतं, पण आवरेना. "आत्या, ते वॉशिंग्टनचे पैसे आहेत! मंडळीचे नाहीत. हे म्हणजे आपण समुद्राची भरती वळवायचा ठराव करण्यासारखं आहे."

"पैसे कुणाचे?" डेल्फीनने विचारलं. "माझ्या पगारातून दर पंधरवड्याला कापतात ते वॉशिंग्टनच्या बागेत उगवतात होय?"

"शांत," एझ्रा म्हणाला. त्याचा आवाज आता प्रवचनातला होता. "ठराव मांडला गेलाय. अनुमोदन?"

डेल्फीन तोंड उघडणार, तोच इल्दा उभी राहिली. एका हाताने टेबल धरून, दुसरा पोटावर ठेवून. ईस्टरच्या रविवारी तीही याच खुर्चीत बसून मंडळीत आली होती. तिला बोलायचा हक्क होता.

"मी चुकीचं बोलले मघाशी," ती म्हणाली. "मला तो जवळ नको. मला तो घरी हवा." तिने श्वास घेतला. "अनुमोदन."

"ठरावाच्या बाजूने जे आहेत..."

"हो!" राई एका घशाने म्हणाली. डेट्रॉइटचे चुलते इकडेतिकडे बघत जरा मागाहून म्हणाले, पण म्हणाले.

"विरुद्ध कुणी?"

कुणी नाही. सगळे लेमुएलकडे बघत होते. तो पाय बदलत उभा होता.

"मंजूर," एझ्रा म्हणाला. "लेमुएल, हा तू उद्या संध्याकाळी जिल्हा मंडळात मांडायचास. आणि तिथून आपल्या वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीच्या कचेरीत."

"मी? काका, मी छावणीच्या बाजूने बोललोय तिथं! वर्तमानपत्रात आलंय!"

"खुर्च्या कुणी आणल्या?"

लेमुएलने त्या लाल गाद्यांकडे पाहिलं.

"मग सभा तूच बोलावलीस. मंडळीतला माणूस मंडळीच्या ठरावाविरुद्ध बाहेर हात वर करत नाही. केलास तर याच खुर्चीत बसवून सगळ्यांपुढे क्षमा मागायला लावीन. तुझ्या बापालाही लावलं होतं, विचार आत्याला."

"लावलं होतं," ओडेसा म्हणाली. "आणि तो रडला होता. तुझ्यासारखाच हट्टी."

आता सगळेच हसले, आणि त्या हसण्यात लेमुएलचंही हसू केव्हा मिसळलं ते त्यालाच कळलं नाही. त्याने रुमालाने मान पुसली. "ते मला तिथं फाडून खातील," तो म्हणाला. "मी बोलेन. पण मला एकट्याला कोण मानणार? कालपर्यंत उलट बोलत होतो." मग तो खुर्चीतल्या थेरॉनकडे वळला. "तू येशील? मघाशी जे बोललास तेवढंच. त्या दाराचं."

थेरॉनची नजर रस्त्याकडे गेली. सोमवार. उद्याच सोमवार होता. भरतीच्या कचेरीचं ओडेसा सोडून कुणाला माहीत नव्हतं. मघाशी तिच्यापाशी त्याला द्यायला एक सौदा होता. आता ओंजळ रिकामी होती. रिकाम्या हातांनी माणूस काय मागणार, आणि मागितलं तरी कशाच्या जोरावर?

बायका टेबलं आवरू लागल्या. डेल्फीनने लेमुएलच्या ताटात स्वतःहून पीचचा मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "खा, उद्या तुला शक्ती लागेल." मुलं पाण्याच्या नळाकडे धावली. खुर्च्यांत दोघंच उरली, आजी आणि नातू, समोरासमोर.

"उद्या किती वाजता आहे ते कचेरीतलं?" शेवटी ओडेसाने विचारलं.

"संध्याकाळी."

"मंडळाची सभाही संध्याकाळीच."

"माहीत आहे."

पानांतलं ऊन तिरपं झालं होतं. दवाखान्याच्या काचांवर ते पडलं, आणि क्षणभर आत दिवे लागल्यासारखं दिसलं. क्षणभरच. ओडेसाने तिकडे पाहिलं नाही. ती थेरॉनच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"मी राहा म्हणणार नाही," ती म्हणाली. "म्हणावंसं फार वाटतंय. पण या खुर्चीत बसून एकदाच मागावं माणसाने."

थेरॉनने आपले तळवे गुडघ्यांवर पुसले. मग म्हणाला, "मोठी आई, माझा तो काळा कोट आहे का अजून? देवळातला?"

"तुझ्या आईच्या अंत्यविधीच्या वेळचा?" तिने त्याच्या खांद्यांवरून नजर फिरवली. "आहे. पण तेव्हा तू पोरगेलासा होतास. आता खांद्यांत बसायचा नाही तुला."

"मंडळापुढे गणवेश घालून नाही जायचं मला."

"आण तर," ती म्हणाली. "बघते."

तो घराकडे गेला आणि कोट घेऊन आला. ओडेसाने तो मांडीवर उलटा पसरला. इल्दा आली, पिशवीतून सुई काढून तिच्या हातात दिली आणि शेजारी बसली. दोघींनी मिळून खांद्याची शिवण टाका टाका उसवायला घेतली. ज्याने तो कोट शिवला होता तो शिंपी दूरदृष्टीचा असावा. आत दुमडून ठेवलेलं कापड पुष्कळ होतं.